ऊर्जा ‘वाचवा’ म्हणणे चूक आहे का?

गोव्यातल्या डिचोलीच्या एका शिक्षिकेने विचारले आहे. १४ डिसेंबरच्या राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनासाठी त्या मुलांकडून मराठी घोषवाक्ये लिहून घेत होत्या. तेव्हा एक मुलगा म्हणाला, “टीचर, ऊर्जा नष्टच होत नाही, तर वाचवायची कशाला?” मग ‘ऊर्जा संपली’, ‘ऊर्जा वाया गेली’, ‘ऊर्जानिर्मिती’ हे प्रयोग चुकीचे मानायचे का? आणि ‘अक्षय ऊर्जा’ की ‘अक्षय्य ऊर्जा’?

टीचर, त्या मुलाला शाबासकी द्या. त्याची शंका बिनतोड आहे, आणि तिचे मूळ अर्धे भाषेत आहे. गोव्यात माध्यमिक शाळेत विज्ञान बहुतेक इंग्रजीतून शिकवतात. तिथे उष्मागतिकीचा पहिला नियमही (ऊर्जा निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, फक्त रूप बदलते) ‘कॉन्झर्वेशन’ आणि पंखा बंद करा हा सल्लाही ‘कॉन्झर्वेशन’च. मराठीत नियमाला ‘अक्षय्यता’ आणि सल्ल्याला ‘बचत’ असे दोन वेगळे शब्द आहेत. ही सोय आपण सोडू नये. ‘संवर्धन’ सरकारी नावात रुळले असले तरी फलकावर मी ते लिहिणार नाही. पशुसंवर्धन म्हणजे पशुधन वाढवणे. ऊर्जा मात्र वाढवता येत नाही.

‘अक्षय्य’ हा शब्द तर अगदी मापात बसणारा आहे. ‘अक्षय’ म्हणजे ज्याचा क्षय होत नाही ते. ‘अक्षय्य’ म्हणजे ज्याचा क्षय करताच येत नाही ते. हा भेद पाणिनीने सूत्रातच सांगून ठेवला आहे: ‘क्षय्यजय्यौ शक्यार्थे’. क्षय्य म्हणजे क्षय करणे शक्य असलेले, जय्य म्हणजे जिंकणे शक्य असलेले. पहिला नियम नेमके हेच म्हणतो, की तुम्ही काहीही करा, ऊर्जेचे एकूण माप कमी करणे कुणाला शक्य नाही. ज्याने कोणी ‘ऊर्जा अक्षय्यतेचा नियम’ हे नाव पाडले, त्याने एका ‘य’त सगळा नियम बसवला. (अक्षय तृतीया आणि अक्षय्य तृतीया हे दोन्ही आपल्याकडे चालते, तिथे वाद नको.)

‘ऊर्जानिर्मिती’ मात्र शास्त्राच्या लेखनात टाळावे. ‘वीजनिर्मिती’ बिनधास्त लिहा, कारण वीज हे एक रूप आहे आणि ते दुसऱ्या रूपातून तयार होतेच.

आता मुख्य शंका. माप कमी होत नाही, तर संपते काय? याचे उत्तर उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमात आहे, आणि तुमच्या मुलांनी ते काजूच्या हंगामात फेणीच्या भट्टीवर पाहिलेले असणार. भाणाखाली, म्हणजे रस उकळायच्या भांड्याखाली, लाकडे जळतात, आतला काजूचा रस उकळतो, वाफ नळीतून जाते आणि गार पाण्यामुळे तिचे थेंब होतात. लाकडातली उष्णता शेवटी गेली त्या गार पाण्यात आणि भोवतालच्या हवेत. हिशेब सोपा व्हावा म्हणून नुसत्या पाण्याची वाफ धरू. एक किलो वाफ द्रवताना सुमारे २२६० किलोज्यूल उष्णता सोडते. तेवढ्यात १८ लिटर पाणी ३० अंशांवरून ६० अंशांवर जाते. कपभर, म्हणजे दीडशे मिलिलिटर, पाणी ३० अंशांवरून उकळीला आणायला सुमारे ४४ किलोज्यूल लागतात. म्हणजे त्या पाण्यात पन्नास कपांना पुरेल एवढी उष्णता आली. पण कप त्यात धरून बसा, एकसुद्धा उकळणार नाही! ६० अंशांच्या पाण्यातली उष्णता आपण होऊन १०० अंशांकडे चढत नाही, हाच तो दुसरा नियम. तिला चढवायचे तर बाहेरून काम करावे लागते, आणि त्यासाठी पुन्हा कुठेतरी इंधन जाळणे आलेच.

यासाठी आपल्याकडे एक जुना, नांगराच्या फाळाइतका धारदार शब्द आहे: कस. जमिनीचा कस जातो, पण जमीन तिथेच असते. ऊर्जेचेही तसेच, माप राहते, कस उतरतो. ‘ऊर्जा वाया गेली’ म्हणताना आपण या कसाबद्दलच बोलत असतो, म्हणून तो प्रयोग चुकीचा नाही. रोजच्या बोलण्यातली ‘ऊर्जा’ म्हणजे कामाला येणारी ऊर्जा, आणि ती खरोखरच संपते. जर्मन शास्त्रज्ञ क्लाउझियसने १८६५ साली या उतरणीच्या मोजमापाला एन्ट्रॉपी हे नाव दिले. मराठीत ‘अव्यवस्था’ असा प्रतिशब्द दिलेला दिसतो, पण त्याने मुलांच्या डोळ्यांपुढे पसारा पडलेली खोली येते आणि उष्णता बाजूलाच राहते. एन्ट्रॉपी हाच शब्द ठेवावा, आणि समजावताना ‘कस’ वापरावा.

राहिली ‘अक्षय ऊर्जा’. ऊन, वारा, पाणी यांच्यासाठी हा शब्द चालतो. २० ऑगस्टला अक्षय ऊर्जा दिवसही असतो. व्याकरणाने त्यात खोट नाही. अडचण अशी, की पहिल्या नियमाप्रमाणे कोळशातली ऊर्जासुद्धा अक्षय्यच आहे, आणि एका ‘य’चा फरक मुलांच्या कानाला कळत नाही. ‘नवीकरणीय’ उच्चारायला जड, पण मला तोच खरा वाटतो. पृथ्वीवर सूर्याकडून जेवढी ऊर्जा येते, जवळजवळ तेवढीच पृथ्वी अवकाशात परत टाकते. फक्त येते ती प्रकाशाच्या रूपात, कसदार. जाते ती अवरक्त किरणांच्या रूपात, कस उतरलेली. उन्हाच्या एका फोटॉनमागे, म्हणजे प्रकाशकणामागे, सरासरी वीसेक दुबळे फोटॉन परत जातात. मधल्या मध्ये पाऊस पडतो, भात पिकते, पवनचक्की फिरते. रोज नवा होतो तो ऊर्जेचा कस.