पिकरची वही आणि मेंदूतली गाठ

पत्र: “सर, मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारा, बावीस वर्षं झाली. स्पेअरची वही मीच लिहितो, तेवढंच माझं गणित. मोठी मुलगी एस.वाय. बी.एस्सी.ला आहे, स्टॅटिस्टिक्स घेतलंय. तिचा मामा ब्रेन ट्यूमरने गेला. टाटाला दीड वर्ष फेऱ्या मारल्या, बरोबर हीच जायची. नीटला मार्क कमी पडले. आता म्हणते, बायोस्टॅटिस्टिशियन होऊन याच आजारावर संशोधन करणार. आकडेमोड करणाऱ्याचं दवाखान्यात काय काम? बँकेची परीक्षा दिलेली बरी, असं घरात सगळ्यांचं मत आहे. तुम्ही काय म्हणता?” — एक पालक, सोलापूर

नमस्कार.

वहीचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलाय, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच वहीत आहे.

समजा, मालकाने नव्या कंपनीचे पिकर, म्हणजे मागावर धोट्याला धक्का देणारे सुटे भाग, आणले. वीस मागांवर तुम्ही ते बसवले आणि वीस मागांवर जुनेच ठेवले. सहा महिन्यांनी मालक विचारतो, “नवा पिकर किती टिकतो?” वही उघडली तर बारा फाटलेत, पाच अजून चालू आहेत आणि तीन माग मालकाने मध्येच विकले, पिकर धडधाकट असतानाच. आता सरासरी कशी काढणार? फाटलेल्या बाराचीच काढली तर जे उत्तम टिकले तेच हिशोबातून गळाले. विकलेले तीन फाटले असं धरलं तरी चूक, सहा महिने टिकले असं धरलं तरी चूक.

कॅन्सरच्या बहुतेक अभ्यासांत हाच पेच असतो. निकाल काढायच्या दिवशी काही पेशंट गेलेले असतात, काही जिवंत असतात, काही येईनासे झालेले असतात. १९५८ साली कॅपलान आणि मायर या दोन संख्याशास्त्रज्ञांनी यावर जी रीत मांडली तीच आजही चालते. ज्याची जितक्या दिवसांची पक्की माहिती आहे तितके दिवस त्याला हिशोबात धरायचं, पुढे नाही. त्यातून पायरीपायरीने उतरणारी एक रेघ निघते. मुलीला विचारा, ती ओळखेल.

पण खरं काम त्या सूत्राच्या पुढे सुरू होतं. ते तीन माग मालकाने का विकले? जागा हवी होती म्हणून विकले असतील तर हरकत नाही. सारखा त्रास देत होते म्हणून विकले असतील तर तुमची रेघ खोटं बोलतेय. पेशंटचंही तसंच. सिद्धेश्वर एक्सप्रेसने तपासणीला जाणारा माणूस तिसऱ्या खेपेला गेला नाही, तो बरा वाटतंय म्हणून, पैसे संपले म्हणून, की उठवतच नाही म्हणून? फॉर्मवर तिन्ही ठिकाणी रकाना कोराच असतो. त्या कोऱ्या रकान्यावर अडून बसणारा आणि “फोन करून विचारा” म्हणणारा माणूस म्हणजे बायोस्टॅटिस्टिशियन.

आता तिच्या मामाच्या आजाराकडे येतो. गाठ कोणत्या प्रकारची होती ते तुम्ही लिहिलेलं नाही. मोठ्या माणसांत मेंदूतच सुरू होणाऱ्या कॅन्सरच्या गाठींत जास्त आढळणारी आणि फार वाईट अशी गाठ म्हणजे ग्लायोब्लास्टोमा. तिच्या उपचारात २००५ साली मोठा बदल झाला. युरोप आणि कॅनडातल्या ५७३ पेशंटचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले होते. एका गटाला नुसतं रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे लोक ‘लाइट देणं’ म्हणतात ते, आणि दुसऱ्याला रेडिएशनबरोबर टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाच्या गोळ्या. किती जगले या क्रमाने रांग लावली तर मध्यावरचा पेशंट पहिल्या गटात १२.१ महिने जगला, दुसऱ्यात १४.६. तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप अडीच महिन्यांसाठी? मलाही पहिल्यांदा वाचून तसंच वाटलं होतं. पण रेघेचं पुढचं टोक बघा. दोन वर्षांनी नुसत्या रेडिएशनच्या गटात शंभरातले सुमारे १० जण होते, गोळ्यांच्या गटात २६. एकच आकडा सांगून थांबलो असतो तर हे सोळा जण दिसलेच नसते. कोणता आकडा सांगायचा आणि कोणता एकट्याने सांगायचा नाही, हे ठरवायला शिकण्यातच या माणसाची दहा-पंधरा वर्षं जातात.

उलटी बाजूही आहे. याच गाठीवर रिंडोपेपिम्यूट नावाची लस आली. सुरुवातीच्या छोट्या अभ्यासांत पेशंट जुन्या नोंदींतल्या पेशंटपेक्षा बरेच जास्त जगताना दिसले. सगळ्यांना आशा लागली. मग ७४५ पेशंटवर रीतसर चाचणी झाली, त्यात समोर त्याच काळातला दुसरा गट होता. २०१७ साली निकाल छापून आला. ज्या मुख्य गटाकडे सगळ्यांचं लक्ष होतं, त्यात लस घेणारे २०.१ महिने आणि न घेणारे २०.० महिने. लस घेणारे चांगलेच जगले होते, पण न घेणारेही तितकेच. जुन्या वहीतल्या पिकरशी नव्या पिकरची तुलना केली की असं होतं, कारण मधल्या काळात सूतही सुधारलेलं असतं आणि जॉबरही.

तेव्हा दवाखान्यात काय काम, तर हे. पेशंटला हात न लावता, पुढच्या हजारो पेशंटना काय द्यायचं आणि काय नाही याच्या निर्णयात बसणं. आणि हे परदेशातच चालतं असंही नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येच मेंदूच्या सौम्य आणि हळू वाढणाऱ्या गाठी असलेल्या २०० मुलांवर आणि तरुणांवर नेमक्या जागी देण्याच्या रेडिएशनची चाचणी झाली. पेशंट घ्यायला सुरुवात २००१ ला, शेवटचा पेशंट २०१२ ला, निकाल २०१७ ला. मुलांची बुद्धी आणि स्मरणशक्ती किती शाबूत राहते, हे पाच-पाच वर्षं मोजत राहिले. म्हणजे एका प्रश्नाला सोळा वर्षं. मुलीला हा हिशोब नीट सांगा. ज्याला दर महिन्याला शाबासकी लागते त्याने इकडे येऊ नये.

रस्ता सोलापुरातून जातो. बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्सनेच पूर्ण करायचं. कोणी सहा महिन्यांचा डेटा सायन्सचा कोर्स विकायला आलं तर चहा पाजून वाटेला लावा. एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स आपल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठात आहे, कोल्हापूर आणि पुण्यालाही आहे. बायोस्टॅटिस्टिक्सच हवं असेल तर मुंबईत देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची एम.स्टॅट.ची प्रवेश परीक्षा अवघड आहे, पण तिच्या तयारीत गणिताला जी धार येते ती वाया जात नाही. ‘आर’ नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते आजपासूनच शिकता येईल. साताऱ्याच्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे संख्याशास्त्राच्या जोरावर रोमला अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख झाले, ते काही मेट्रो शहरात जन्मले नव्हते.

पैशाचंही स्पष्ट बोलू. एम.एस्सी.नंतर पुण्या-मुंबईच्या औषध कंपन्यांत आणि त्यांच्यासाठी चाचण्या चालवणाऱ्या संस्थांत नोकऱ्या असतात. तिथे सुरुवातीला बहुतेक वेळ तक्ते तपासण्यात जातो. रुग्णालयातल्या संशोधनाच्या जागा बऱ्याचदा प्रकल्पापुरत्या असतात, प्रकल्प संपला की पुढचा शोधायचा. स्वतःचं संशोधन करायचं तर पीएच.डी. लागतेच. बँकेइतकी निवांत ही वाट नाही. घरात धाकटी भावंडं असतील आणि दोन वर्षांत पगार सुरू होणं गरजेचं असेल, तर एम.एस्सी.नंतर आधी कंपनी आणि मग पीएच.डी. असा क्रम लावा. त्यात कमीपणा काही नाही.

एका गोष्टीची मात्र मला काळजी वाटते. मामाच्या दुःखातून हे उगवलंय. तेवढ्यावर दोन वर्षं निघतात, वीस निघत नाहीत. शिवाय या कामात एखाद्या औषधावर आपलाच जीव जडलेला असतो आणि आपल्यालाच “उपयोग नाही” असं लिहून द्यावं लागतं. तिला ते जमेल का, हे तुम्ही-आम्ही बोलून कळणार नाही.

म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला एक दिवस कारखान्यात न्या. तुमची वही तिच्या हातात द्या. पिकर कधी बसवला, कधी बदलला, कोणता माग विकला, सगळं तिला उतरवून घेऊ दे आणि दोन कंपन्यांच्या पिकरच्या दोन रेघा काढू दे. तारीख लिहायची राहिलेले रकाने त्या वहीत असणारच. त्या रकान्यांपाशी ती काय करते ते बघा. अंदाजाने भरते, गाळून पुढे जाते, की तुमच्या मागे लागून “बाबा, आठवा ना, दिवाळीच्या आधी की नंतर?” असं विचारते. त्या रेघा आणि तुम्ही पाहिलेलं, दोन्ही मला कळवा. मग बँकेच्या परीक्षेचं बोलू.