वाचकांचे प्रश्न : दहावीसाठी कबड्डी बंद करावी का?

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातील एका खेड्यात राहतो. माझी मुलगी मराठी माध्यमाच्या हायस्कुलात नववीत शिकते. आठवड्यातून सहा दिवस पहाटे साडेपाचला दीड तास कबड्डीचा सराव, शनिवारी व रविवारी दुपारी बेळगावला गायनाचा क्लास, रविवारी सकाळी तीन तास ड्रॉइंग आणि सहा दिवस संध्याकाळी दीड तास ट्यूशन. गायनाचा क्लास तासाभराचाच, पण बसची वाट पाहण्यासह साडेतीन तास मोडतात. रात्री अकरापर्यंत अभ्यास करताना ती वहीवरच डोके ठेवून झोपते. सहामाहीत गणिताला ८० पैकी ३१ गुण पडले. तिचे वडील म्हणतात, दहावी होईपर्यंत सगळे बंद. ड्रॉइंगची वही ती सांगितल्याशिवाय पिशवीबाहेर काढत नाही. सामन्याच्या आदल्या रात्री मात्र नी-कॅप स्वतः धुऊन चुलीवरच्या दोरीवर वाळत घालते.
— एक आई

उत्तर : ताई, पत्रातले शेवटचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. कोणता छंद ठेवायचा हे ठरवताना आपण बक्षिसे, प्रमाणपत्रे आणि शेजारची मुले पाहतो. पण कोणी न सांगता मूल कशाची तयारी करते, याइतकी भरवशाची खूण मला दुसरी माहीत नाही. तुमच्या मुलीची निवड झालेली आहे. तिची कबड्डी बंद करू नका.

आता हिशेब मांडू. सराव ९ तास, गायन ७, ड्रॉइंग ३ आणि ट्यूशन ९, असे शाळेबाहेरचे २८ तास होतात, आणि स्वतःच्या अभ्यासाला उरते ती फक्त रात्र. अकराला झोपून पाचला उठणाऱ्या मुलीला जेमतेम सहा तास झोप मिळते. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. त्यातून या वयात शरीराचे घड्याळच पुढे सरकलेले असते, त्यामुळे लवकर आडवे केले तरी लगेच डोळा लागत नाही. गणितात पायरी चुकू न देता दहा-पंधरा मिनिटे लक्ष टिकवावे लागते आणि पेंगुळलेल्या मुलाला नेमके तेच जमत नाही. म्हणून गुण कमी पडण्याचा दोष मी आधी झोपेला देईन, कबड्डीला त्यानंतर.

ड्रॉइंग या महिन्यापासून थांबवा. गायनाबद्दल मात्र जरा अवघड बोलतो, राग मानू नका. गाणे तिला हवे आहे की आपले शिकायचे राहून गेले म्हणून तुम्हाला हवे आहे, हे तिच्यासमोर बसून, उत्तर आधीच न ठरवता विचारा. तिला हवे असेल, तर बेळगावची खेप पंधरा दिवसांतून एकदा ठेवून घरी रोज वीस मिनिटे रियाझ पुरेल. ट्यूशनही सर्व विषयांची कशाला? गणितापुरती ठेवा. एवढ्याने आठवड्याचे बारा-तेरा तास मोकळे होतील. ते सगळे पुस्तकात घालू नका, निम्मे तरी झोपेला द्या, आणि प्रशिक्षकांना भेटून सराव आठवड्यातून चार दिवसांवर आणता येतो का ते पाहा.

तिच्या वडिलांची काळजी खोटी नाही. एसएसएलसीत, म्हणजे कर्नाटकाच्या दहावीच्या परीक्षेत, प्रथम भाषा धरून सहा विषय असतात. शिवाय आपल्या सीमाभागातील मुलांना मराठीतून शिकत असतानाच कन्नडचा पेपरही द्यावा लागतो. त्यांना एवढेच सांगा, की शालेय कबड्डीचे सामने बहुतेक पहिल्या सत्रात उरकतात आणि परीक्षा मार्चमध्ये सुरू होते. डिसेंबरनंतर सराव आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तासाचा ठेवला तरी चालेल. तो शून्यावर आणू नये, कारण या वयाला रोज तासभर अंगमेहनत हवीच असते, आणि दिवसभर बसवून ठेवलेले मूल दिवसभर अभ्यास करतेच असे नाही.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडेच पाहायला मिळते. तालुक्याच्या संघात निवड झाली, की कन्नड शाळांतील मुली सोबत खेळतात. मैदानावर ‘हिडी, हिडी, बिडब्याड!’ हे शब्द कानावर आदळले, की ‘पकड, सोडू नकोस’ असा अर्थ कोणी सांगावा लागत नाही. ज्या भाषेच्या पेपराला आपली मुले बिचकतात, ती तिथे धास्तीशिवाय तोंडात बसते. हा लाभ कोणत्याही ट्यूशनमध्ये मिळालेला मी पाहिलेला नाही.

प्रश्न : मी बेळगावात दहावीत आहे. शिवजयंतीच्या चित्ररथावरील सजीव देखाव्यात मला भूमिका मिळाली आहे. घरचे नको म्हणतात. काय करू?
— एक विद्यार्थी

उत्तर : बेळगावची पारंपरिक शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला, म्हणजे एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात येते. तुझी मुख्य परीक्षा अलीकडच्या वर्षांप्रमाणे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपेल. मधले निदान दोन आठवडे तुझेच आहेत. मंडळाच्या कार्यकर्त्यांना आजच भेट आणि शेवटचा पेपर होईपर्यंत तालमीला येणार नाही असे स्पष्ट सांग. ज्या भूमिकेत संवाद कमी आणि उभे राहणे जास्त आहे, ती मागून घे. घरी बोलताना परीक्षेचे वेळापत्रक आणि तालमीच्या तारखा एकाच कागदावर लिहून वडिलांच्या हातात दे.