ग्युदोन पहिल्यांदाच खाणार असशील तर

ग्युदोन म्हणजे गोड-खारट रस्स्यात शिजवलेलं गोमांस भातावर घातलेला जपानी वाडगा. त्यासाठी आधी योशिनोया या साखळीचं दुकान गाठ. १८९९ मध्ये टोकियोतल्या निहोनबाशीच्या मासळी बाजारात सुरू झालेलं दुकान, त्यामुळे घाईतल्या गिऱ्हाइकाची त्यांना जुनी सवय. पहिल्या खेपेला 'नामी', म्हणजे साधा आकार, पुरे. मागताना 'त्सुयुदाकु' म्हण. रस्सा सढळ हाताने घालतात, पैसे तेवढेच. नाहीतर आपल्या जिभेला तो भात कोरडाच लागतो. काउंटरवरचं लाल आलं फुकट असतं, लाजू नकोस. कच्चं अंडं घेतलंस तर वाटीत फेटून, थोडा सोया सॉस घालून वर ओत. मला तर त्याशिवाय मजाच येत नाही. मात्सुया या दुसऱ्या साखळीत आधी मशीनवर तिकीट काढावं लागतं, पण तिथे बसून खाल्लं की मिसो सूप, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं सूप, सोबत मिळतं. शाकाहारी असशील तर मात्र या दुकानांच्या नादी लागू नकोस. त्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो.