बॅकग्राउंड चेकवर फाईल अडकली? एजंटला पैसे देण्याआधी नोट्स मागवा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: एक्सप्रेस एन्ट्री, म्हणजे कुशल कामगारांच्या योजनेतून कॅनडा पीआरचा (कायम वास्तव्याचा) अर्ज, सोबत बायको आणि लेक, मेडिकल पास. आठ महिने झाले तरी ऑनलाइन खात्यात ‘बॅकग्राउंड चेक सुरू आहे’ एवढंच दिसतंय. आता नाशिकचा एजंट म्हणतो, चाळीस हजार द्या, फाईल पुढे ढकलतो.

देऊ नका. ढकलायला त्याच्या हातात काही नाही. फार तर तो एक वेबफॉर्म भरेल, आणि तो तुम्हालाही फुकट भरता येतो.

एक्सप्रेस एन्ट्रीला सहा महिने लागतात असं सांगतात, पण ती हमी नाही. शंभरातले ऐंशी अर्ज तेवढ्या मुदतीत निकाली काढायचे, असं आयआरसीसीचं, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याचं, उद्दिष्ट आहे. आणि बॅकग्राउंड चेक म्हणजे एकच काम नव्हे. गुन्ह्यांची नोंद आयआरसीसी स्वतः बघतं. सुरक्षेच्या बाजूने आणखी खात्री करून घ्यावीशी वाटली, तर प्रकरण सीबीएसए, म्हणजे सीमा खात्याकडे आणि तिकडून सीएसआयएस, म्हणजे गुप्तचर खात्याकडे जातं. त्यांचं उत्तर येईपर्यंत अधिकाऱ्याचेही हात बांधलेले. आपल्याला मात्र दोन्ही वेळा तीच ओळ दिसते.

म्हणून आधी जीसीएमएस नोट्स मागवा, म्हणजे खात्याच्या संगणकात तुमच्या फाईलवर झालेल्या नोंदी. जुलै 2022 पासून भारतात बसूनही कॅनडाच्या प्रायव्हसी ॲक्टखाली स्वतःची माहिती मागता येते, फी लागत नाही. आपल्या आरटीआयसारखंच, मुदत 30 दिवस. थोडे जास्तच धरा. त्यात एलिजिबिलिटी, मेडिकल, क्रिमिनॅलिटी आणि सिक्युरिटी यांची स्थिती वेगवेगळी दिसते. सिक्युरिटीचा मजकूर बराचसा झाकलेला असतो, त्याने घाबरू नका.

माझं सांगतो. 2023 मध्ये माझ्या नोट्स आल्या आणि त्यात अधिकाऱ्याचा शेरा: नोकरीच्या तारखा जुळत नाहीत. झालं होतं असं की सातपूर एमआयडीसीतली नोकरी सोडून मी चौदा महिने पुण्यात एमपीएससीचा अभ्यास करत होतो, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर. माझ्या एजंटने ‘गॅप बरा दिसत नाही’ म्हणून जुनी नोकरीच चौदा महिने पुढे ओढली. कंपनीच्या पत्रावर खरी तारीख, फॉर्मवर दुसरी! सही करताना मी वाचलं नाही, ही चूक माझीच. खोट्या माहितीचा ठपका बसला तर पाच वर्षं बंदी, हे नंतर कळलं आणि दोन रात्री झोप नाही.

पुरावा म्हणून काय द्यायचं? कॉट बेसिसवाल्यांचा करार कोण करतं? शेवटी आईने माळ्यावरून पत्र्याची पेटी काढली. अभ्यासिकेच्या फीच्या अकरा पावत्या त्यात निघाल्या, दोनांवर चहाचे डाग. त्या, पीएफचं पासबुक, दुरुस्त केलेला फॉर्म आणि साध्या भाषेत एक पानी खुलासा, असं सगळं तिकडून पत्र यायच्या आत वेबफॉर्मने पाठवलं. पाच महिन्यांनी व्हिसासाठी पासपोर्ट मागितला. खुलाशामुळेच झालं असा दावा मी करणार नाही.

तेव्हा तुमचा फॉर्म आज रात्री काढून बसा. दहा वर्षांचा इतिहास महिन्याला महिना जोडून हवा. घरी बसलो होतो तर ‘बेरोजगार’ लिहायचं, त्यात लाज कसली. पत्त्यांचंही तेच. तुम्ही लिहिलंय की ओझरला एचएएल, म्हणजे सरकारी विमान कारखान्यात तीन वर्षं होतात. सरकारी नोकरीचा रकाना वेगळा असतो, तिथे ती आली आहे का बघा. वहिनींचं माहेरचं नाव, आणि लग्नात पहिलं नावही बदललं असेल तर तेही, ‘इतर नावं’मध्ये हवं. त्यांची फाईल अडली की तुमचीही अडते. पाटील, पवार, जाधव असाल तर नावसाधर्म्याला इलाज नाही. वडिलांचं नाव आणि जन्मतारीख सगळीकडे सारखी ठेवा, बस.

पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, पासपोर्ट सेवा केंद्रातलंच चालतं, 500 रुपयांचं. पोलीस आयुक्तालयाचा नोकरीसाठीचा चारित्र्याचा दाखला जोडणारे अजून भेटतात. तुमच्यापैकी कोणी गेल्या दहा वर्षांत आखातात सलग सहा महिने राहिलं असेल तर तिथलंही हवं. मेडिकल 12 महिनेच चालतं, त्यामुळे परत करायला सांगितलं तर ते वाईट लक्षण समजू नका. मधल्या काळात बाळ झालं तर लगेच कळवा. लपवलेलं मूल पुढे स्पॉन्सर करणं फार अवघड जातं.

कोणीतरी ‘मँडॅमस टाका’ म्हणेल, म्हणजे खात्याला निर्णय द्यायला लावा अशी कोर्टाकडे मागणी. तो मार्ग खरा आहे. कोनील निकालापासून तिथलं फेडरल कोर्ट बघतं की उशीर कामाच्या मानाने जास्त आहे का, अर्जदाराचा त्यात दोष आहे का, आणि खात्याकडे पटण्यासारखं कारण आहे का. पण आठ महिन्यांवर वकिलाला पैसे देणं मला घाईचं वाटतं. दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे आपल्या दोषाचं, उत्तर आधी स्वतःपाशी स्वच्छ हवं. आणि तोवर इंदिरानगरचा फ्लॅट विकू नका, मुलीचा शाळेचा दाखला काढू नका.

नोट्स आल्या की क्रिमिनॅलिटी आणि सिक्युरिटीपुढे काय लिहिलंय तेवढं इथे टाका. यूसीआय (खात्याने दिलेला तुमचा नंबर) आणि पासपोर्ट नंबर खोडून.