रेघ कुठे संपते ते आधी बघा

प्रश्न : शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी हवामानबदलाचा तक्ता करते आहे. एका सहकाऱ्यांनी ग्रीनलंडच्या बर्फावरून काढलेला आलेख दिला. त्यात हजार वर्षांपूर्वी आजच्यापेक्षा जास्त ऊब दिसते. दुसऱ्या एका आलेखात रेघ शेवटी एकदम उभी चढते. मुलांना कोणता दाखवू, सर? – एक शिक्षिका

उत्तर : सहकाऱ्यांच्या आलेखाचा उजवा कोपरा बघा. तिथे 'आज' लिहिलंय ना? हा बहुधा जीआयएसपी-२ या बर्फस्तंभाचा, म्हणजे ग्रीनलंडच्या बर्फात खोल छिद्र पाडून काढलेल्या लांब बर्फकांडीचा, आलेख. त्याची आकडेवारी 'आजपूर्वी ९५ वर्षं' इथे थांबते आणि या शास्त्रात 'आज' म्हणजे १९५०. म्हणजे रेघ १८५५ मध्येच संपली! त्यानंतरची तापमानवाढ तिच्यात आलेलीच नाही. शिवाय बर्फ एकाच जागेचा. त्यावरून सगळ्या पृथ्वीचं तापमान ठरत नाही.

दुसरा आलेखही तपासून घ्या. जागतिक हवामान संघटनेच्या १९९९ च्या अहवालाच्या मुखपृष्ठावर असाच एक होता. झाडांच्या खोडातल्या वलयांवरून जुन्या तापमानाचा अंदाज बांधून काढलेली एक रेघ १९६० नंतर थर्मामीटरशी जुळेना, म्हणून तिथे तोडून पुढे थर्मामीटरचे आकडे जोडले होते. वाढ खरीच होती, पण जोड झाकला गेला. २०१० मध्ये ब्रिटनमधल्या एका स्वतंत्र चौकशीने ती आकृती दिशाभूल करणारी ठरवली.

मीही हे केलंय. माझ्या पहिल्या तक्त्यात दोन्ही रेघा एकाच लाल रंगात ओढल्या, का तर नीटस दिसतं म्हणून. एका आजोबांनी नेमकं जोडावर बोट ठेवून विचारलं, "हे झाडानं सांगितलं की थर्मामीटरनं?" घरी येऊन तक्ता फाडला.

तेव्हा दोन रंग वापरा आणि जी रेघ जिथे संपते तिथे संपू द्या. जुन्या शतकांभोवती अनिश्चिततेचा पट्टा, म्हणजे अंदाज किती चुकू शकतो ते दाखवणारा भाग, रुंद असतो. तो दिसायला बरा नाही म्हणून पुसू नका. तुलना कोणत्या काळाशी केली तेही लिहा. १८५०–१९०० ऐवजी १९९१–२०२० ची सरासरी धरली, तर त्याच वर्षाची वाढ जवळपास ०.९ अंशाने कमी दिसते.

उभा अक्ष शून्यापासून हवा, असं कुणीतरी बजावेलच. ऐकू नका. वीस हजार वर्षांपूर्वीचं हिमयुग जागतिक सरासरीत ५ ते ७ अंशांनीच थंड होतं. शून्य ते पन्नासच्या अक्षावर तेही किरकोळ खळग्याएवढं दिसेल.

आणि सहकाऱ्यांचा आलेखही लावा. फक्त टोकावरचं 'आज' खोडून तिथे ठळक अक्षरात '१८५५' लिहा.