भजनाला नव्यानं बसणाऱ्या ताईंसाठी

ताई, आवाज बरा नाही म्हणून मागे बसू नका. सूर पक्का असलेल्या बाईच्या शेजारी बसा. नव्यांची मोठी चूक एकच, जोरात गाणं. शेजारणीचा आवाज ऐकू येईनासा झाला, की आपला वाढला असं समजा.

बुवा चाल सांगतील, तुम्ही आधी नुसतं धृपद, म्हणजे परत परत येणारी ओळ, धरा. पट्टी उंच वाटली तर गळा ताणू नका, खालच्या सप्तकात म्हणा. टाळ लगेच नको. भजनी ठेक्याच्या 8 मात्रा मांडीवर मोजा.

आणि सांगलीत राहताय, तर मिरजेला तंबोरे करणाऱ्यांकडे एकदा जाच. जुळलेल्या तंबोऱ्यासमोर डोळे मिटून हळूच ‘सा’ लावा. मला सूर तिथंच उमगला. गुरुवारी या, माझ्या शेजारी जागा धरून ठेवते.