मावशीचा राग कोणावर?

प्रश्न : ‘हॅरी पॉटर’ वाचताना एक गोष्ट सारखी खटकते. मावशी पेट्युनिया आणि तिचा नवरा व्हर्नन त्यांच्याकडे वाढणाऱ्या अनाथ हॅरीचा इतका छळ का करतात? जादूची शक्ती असलेल्या एवढ्या विलक्षण मुलाला जवळ केले असते तर फायदा त्यांचाच होता, आणि तो नकोसाच होता तर घराबाहेर का काढले नाही? की लेखिकेला नायकाविषयी केवळ कणव निर्माण करायची होती?

उत्तर : कणव हवी होतीच, पण तेवढ्यावर भागले असते तर पेट्युनिया परीकथेतल्या सावत्र आईची आणखी एक नक्कल ठरली असती. पहिल्या भागातला (१९९७) एक लहानसा प्रसंग आठवून पाहावा. हॅरीचे केस कितीही कापून आणले तरी कापल्यासारखे दिसत नाहीत म्हणून वैतागलेली पेट्युनिया स्वयंपाकघरातल्या कात्रीने त्याचे डोके जवळजवळ भादरून टाकते, मात्र दुष्ट जादूगाराच्या हल्ल्यात कपाळावर उमटलेला व्रण झाकण्यापुरती पुढची झुलपे राखते. सकाळी केस पूर्ववत झालेले दिसतात आणि हॅरीला जिन्याखालच्या कपाटात आठवडाभराची शिक्षा मिळते. त्या राखलेल्या झुलपांवरून कळते की मुलगा कोण आहे हे या बाईला पक्के ठाऊक आहे. ज्याला काहीच माहीत नाही तो पालक फार तर दुर्लक्ष करील. असा छळ जाणणाराच करतो.

तिच्या या जाणण्यामागचे दुखणे शेवटच्या भागात (२००७) उघड होते. धाकट्या बहिणीला, म्हणजे हॅरीच्या आईला, लिलीला हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेचे बोलावणे आले तेव्हा ‘मलाही घ्या’ असे पत्र पेट्युनियाने तिथल्या डम्बलडोर या जादूगाराला लिहिले होते. उत्तर आले ते मायेने लिहिलेले, पण नकाराचेच. मग द्राक्षे आंबट झाली, बहीण विचित्र ठरली, आणि आईवडिलांच्या तोंडी मात्र कौतुक राहिले ते लिलीचे. त्याच बहिणीचा मुलगा, तिचेच हिरवे डोळे घेऊन, पुढे दारात येऊन पडला. मला वाटते, पेट्युनियाचा राग त्या पोरावर नाहीच. तिला तो नकार रोज समोर वावरताना दिसतो.

व्हर्ननचे प्रकरण सरळ आहे. त्याला मत्सर नाही, धास्ती आहे, तीही बरीचशी लोक काय म्हणतील याची. मुलाला घरात घेतानाच जादूचे हे खूळ त्याच्यातून काढून टाकायची शपथ घेतल्याचे तो सांगतो, म्हणजे जाच हा त्याच्या लेखी उपचारच आहे. फायदा उठवायचा तर आधी ती जादू कबूल करावी लागली असती.

घराबाहेर न काढण्याचे कारण वेगळे आहे. हॅरीला वाचवताना लिलीने केलेल्या बलिदानाचे जादुई कवच तिच्या रक्ताच्या नात्याला बांधलेले असल्याने, मावशीचे घर हॅरीला आपले म्हणता येते तोवरच, म्हणजे सतरा वर्षांचा होईपर्यंत, ते त्याचे रक्षण करते. पाचव्या भागात (२००३) व्हर्नन त्याला हाकलू पाहतो, तेवढ्यात डम्बलडोरचा कडक निरोप येतो आणि ‘तो इथेच राहील’ असे पेट्युनिया ठामपणे सांगते. कारण विचारल्यावर मात्र ती शेजाऱ्यांच्या कुजबुजीचे निमित्त पुढे करते.